जुन्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन, डिशवॉशर, इंडक्शन: आधी लाइन, मग मशीन

नवी वॉशिंग मशीन घरी येते, जोडून द्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "पॉवर प्लग कुठाय?" आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. मग कुठून तरी एक्स्टेंशन येतं, दुकानातून कन्व्हर्टर प्लग येतो आणि मशीन सुरू होते. पुढे महिना-दोन महिन्यांत बोर्डाजवळ जळका वास येऊ लागतो.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या इमारतींचं वायरिंग ट्यूबलाइट, पंखे, टीव्ही, मिक्सर, फ्रिज आणि फार तर एक गिझर एवढ्या हिशेबानं झालेलं असतं. आज त्याच वायरींवर इंडक्शन, एअर फ्रायर, हीटरवाली वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर येऊन बसतात. आमचा पुण्यातला फ्लॅटही असाच जुना. स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनीचं वायरिंग नव्यानं करून घेताना जे विचारत, वाचत, बघत शिकले ते इथे क्रमानं देते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. हा लेख वाचून कुणीही स्वतः वायर जोडायला बसू नये. बल्ब, पंखा, स्विच बदलणं वेगळं. नवी लाइन ओढणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे, कायद्यानंही आणि जिवाच्या दृष्टीनंही. आपण शिकायचं ते योग्य प्रश्न विचारायला, आणि समोरचा काम टाळत असेल तर ते ओळखायला.

१. उपकरणांची यादी करा, वॅटसकट

प्रत्येक उपकरणावर एक स्टिकर किंवा पट्टी असते, त्यावर वॅट लिहिलेले असतात. वॉशिंग मशीनला ती मागे किंवा दाराच्या कडेला सापडते, फ्रिजला बहुधा आतल्या भिंतीवर. वही घेऊन घरभर फिरा. अजून घ्यायचं असलेलं उपकरणही यादीत धरा.

साधारण आकडे असे येतात:

- फ्रिज: चालू असताना १५० ते २५० वॅट (कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी काही पट जास्त)
- मिक्सर: ५०० ते ७५० वॅट
- चिमणी: सुमारे २०० वॅट
- टॉप लोड वॉशिंग मशीन, हीटर नसलेली: ३०० ते ५०० वॅट
- फ्रंट लोड, हीटरसकट: २००० वॅटच्या आसपास
- डिशवॉशर: १८०० ते २४०० वॅट
- इंडक्शन शेगडी: १८०० ते २००० वॅट
- ओटीजी (ओट्यावरचा छोटा ओव्हन), एअर फ्रायर, केटल: प्रत्येकी १५०० वॅट किंवा त्याहून थोडं पुढे-मागे
- साठवणीचा गिझर: २००० वॅट, इन्स्टंट गिझर: ३००० वॅट

यात आकारावर जाऊ नका. माणसाएवढा फ्रिज जेवढी वीज ओढतो, त्याच्या सहा-सात पट वीज ओट्यावरची छोटी केटल ओढते. जिथे वीज वापरून काहीतरी तापवायचं असतं, तिथे लोड मोठा. मोटर चालवायची असेल तर तुलनेनं कमी. हे एक सूत्र लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

आता अँपियर काढा. वॅटला २३० नं भागायचं. २००० वॅटचा गिझर म्हणजे ८.७ अँपियर, ३००० वॅटचा म्हणजे १३ अँपियर. आपले छोटे तीन पिनांचे सॉकेट ६ अँपियरचे असतात आणि मोठे १६ अँपियरचे (बोलताना सगळे "पंधराचा प्लग" किंवा "पॉवर प्लग" म्हणतात). त्यामुळे १००० वॅटच्या वरचं काहीही छोट्या सॉकेटला लावायचं नाही.

मग घरातली सगळ्यात घाईची वेळ धरून बेरीज करा. आमच्याकडे ती सकाळी सातची: गिझर २०००, इंडक्शन २०००, मशीनचा हीटर २०००, फ्रिज २००. झाले ६२०० वॅट, म्हणजे जवळपास २७ अँपियर. उन्हाळ्यात कुणी खोलीतला १६०० वॅटचा एसी सुरू ठेवला असेल तर ३४ अँपियर.

२. वीजबिल काढा आणि मीटर बघा

महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो. तिथे किती किलोवॅट लिहिलेत ते बघा. जुन्या घरांत तो आकडा अनेकदा खूपच कमी असतो, कारण जोडणी घेतली तेव्हा गरजच तेवढी होती. मीटरवर ५-३० किंवा १०-६० अँपियर अशी त्याची क्षमता छापलेली असते, तीही टिपून ठेवा. मुंबईत शहर भागात बेस्ट आणि उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, तर भांडुप-मुलुंडकडे महावितरण, तेव्हा अर्ज आपापल्या कंपनीकडे.

तुमची बेरीज मंजूर भाराच्या बरीच वर जात असेल तर भारवाढीचा अर्ज करा. हे काम वायरिंगच्या आधी सुरू करा, कारण मीटर बदलायचा असेल तर त्यात वेळ जातो. जवळ ठेवायचे कागद:

- अलीकडचं वीजबिल (थकबाकी नसलेलं)
- ओळखपत्र आणि घराच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती
- परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट
- मीटर खोलीतून वर येणारी केबल बदलायची असेल तर सोसायटीचं पत्र

शेवटचा मुद्दा लोक विसरतात. मीटर खाली जिन्याजवळ आणि फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, मधली केबल बारीक आणि जुनी. घरात कितीही जाड वायर टाकली तरी सगळा लोड त्या जुन्या केबलवरूनच येणार. वायरमनला तीही बघायला सांगा. मीटरचं सील मात्र कुणालाही तोडू देऊ नका, "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणाला तरी.

थ्री फेज (एका फेजऐवजी तीन फेजवरून येणारी जोडणी) घ्यावं का? एक-दोन एसी, गिझर, डिशवॉशर आणि इंडक्शन असं सगळंच असेल तर विचार करा. बिलातला स्थिर आकार वाढतो हे धरून चला. आणि घेतलंच तर लोड तिन्ही फेजवर वाटून घ्या. सगळं स्वयंपाकघर एकाच फेजवर टाकून उरलेल्या दोन फेजवर ट्यूबलाइट लावल्या तर काहीच साधत नाही.

३. आत्ताचं वायरिंग कसं आहे ते उघडून बघायला लावा

भिंतीवरचा नवा चकचकीत बोर्ड बघून आतल्या वायरीचा अंदाज बांधू नका. आमच्या ओट्यावरच्या बोर्डाची प्लेट उघडली तेव्हा एकाच स्क्रूखाली तीन वायरी पिळून बसवलेल्या होत्या. त्यातल्या फेजच्या (वीज घेऊन येणाऱ्या) वायरीचं प्लास्टिक दोन बोटं लांबीपर्यंत तपकिरी पडलेलं, दाबलं की पापडासारखं मोडत होतं. बाहेरून त्या बोर्डाला काही झालंय असं कुणी म्हटलं नसतं.

प्लेट उघडल्यावर या गोष्टी विचारा:

वायर किती एमएमची आहे? वायरमनच्या भाषेत दीड एमएम, अडीच एमएम, चार एमएम म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. ट्यूब-पंख्याच्या लाइनला दीड किंवा त्याहून कमी असते.

१६ अँपियरच्या सॉकेटला कोणती वायर आलीय? सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. बाजारात असा सॉकेट मिळतो ज्यात छोटी आणि मोठी दोन्ही पिन बसते. आधीच्या मालकानं छोटा सॉकेट काढून तिथे हा बसवलेला असतो, पण मागे वायर तीच दीड एमएमची. मोठी पिन आत जाते म्हणून आपण निर्धास्त गिझर नाहीतर ओटीजी लावतो आणि भिंतीतली वायर तापत राहते. मोठी पिन बसली म्हणजे तो पॉवर प्लग झाला असं होत नाही.

ॲल्युमिनियम आहे का? जुन्या इमारतींमध्ये ॲल्युमिनियमच्या वायरी आहेत. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पिळून जोडलं की तो सांधा काळा पडतो, सैल होतो, तापतो. अशा वायरीला तांब्याचा तुकडा जोडून लाइन "वाढवून" देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

४. कुणाला स्वतंत्र लाइन द्यायची ते ठरवा

डीबी म्हणजे घरभर वीज वाटणारी पेटी, एमसीबी म्हणजे त्यातला, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. स्वतंत्र लाइन म्हणजे डीबीतल्या एका एमसीबीपासून थेट एका सॉकेटपर्यंत. वाटेत दुसरा बोर्ड नाही, दुसरं उपकरण नाही. गिझर, हीटरवाली वॉशिंग मशीन, डिशवॉशर, इंडक्शन आणि एसी यांना प्रत्येकी एक स्वतंत्र लाइन हवी. ओट्यावरच्या मायक्रोवेव्ह-ओटीजीसाठी एक पॉवर लाइन, मिक्सर-प्युरिफायर-चिमणीसाठी एक साधी लाइन. फ्रिजला लोडसाठी नव्हे तर दुसऱ्या कारणासाठी वेगळी लाइन द्या: सगळे गावाला गेले असताना दुसऱ्या कुठल्या उपकरणामुळे ट्रिप झालं तर फ्रिज बंद पडू नये.

वायर आणि एमसीबीची जोडी साधारण अशी:

- दिवे-पंखे: दीड एमएम, ६ किंवा १० अँपियर
- १६ अँपियरचा पॉवर प्लग: अडीच एमएम, १६ अँपियर
- एसी, इन्स्टंट गिझर: चार एमएम, २० अँपियर
- ओट्यात बसवलेली तीन-चार चुलींची ७ किलोवॅटपर्यंतची इंडक्शन: सहा एमएम, ३२ अँपियर, प्लग न ठेवता आयसोलेटरवर (लाइन पूर्ण तोडणाऱ्या स्विचवर) थेट

एमसीबी उपकरणाला वाचवत नाही, भिंतीतल्या वायरीला वाचवतो. हे नीट समजलं की पुढचा सापळा आपोआप कळतो. १६ चा एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणीतरी ३२ चा बसवून देतं. पडणं थांबतं, घरातले खूश होतात. पण आता अडीच एमएमची वायर तापून वितळेपर्यंत तो एमसीबी पडणारच नाही. जुन्या चिनी मातीच्या फ्यूजला जाड तार गुंडाळणं हाही तोच प्रकार. एमसीबी पडत असेल तर लोड कमी करा किंवा नवी लाइन टाका, तिसरा मार्ग नाही.

एमसीबीवर आकड्याआधी बी किंवा सी असं अक्षर असतं. बी हा त्या आकड्याच्या तीन ते पाच पट करंट आल्यावर झटक्यात पडतो, सी हा पाच ते दहा पटीला. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, म्हणून वॉशिंग मशीन, फ्रिज, एसीला सी घेतात.

५. अर्थिंग आणि आरसीसीबी: इथे एक पैसाही वाचवू नका

वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर म्हणजे पाणी, पत्र्याची बॉडी आणि ओल्या हातांचा माणूस, तिन्ही एका जागी. म्हणून या भागावर जास्त लिहिते आहे.

अर्थिंगची हिरवी वायर उपकरणाच्या बॉडीपासून इमारतीच्या अर्थ पिटपर्यंत (अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्यापर्यंत) अखंड हवी. आत कुठे फेज बॉडीला लागला तर करंट त्या वायरीनं निघून जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो. जुन्या घरांत तिसरं भोक असतं पण त्याच्या मागे वायरच नसते. किंवा वायर असते आणि डीबीत नुसती लोंबकळत असते. मशीनला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येणं हे बहुतेक वेळा याचंच लक्षण. "होतं असं, चप्पल घालून वापरा" हा सल्ला ऐकू नका.

याहून भयंकर प्रकार म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ एका तुकड्यानं जोडून ठेवणं. टेस्ट लॅम्प लावला की छान पेटतो, अर्थिंग "आहे" असं दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल सुटला की पूर्ण फेज उपकरणाच्या बॉडीवर येतो, आणि तोही उपकरण बंद पडल्यामुळे आपण बघायला म्हणून हात लावतो त्याच क्षणी. नव्या कामात प्रत्येक सॉकेट उघडून हा तुकडा नाही ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आरसीसीबी फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट सतत ताडून बघतो. फरक पडला म्हणजे काही करंट दुसऱ्या वाटेनं, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चाललाय. घरासाठी ३० मिलिअँपियरचा घ्या. एमसीबी हे काम करू शकत नाही: अंगातून अँपियरचा दहावा भाग गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि १६ चा एमसीबी तेवढ्यानं हलतही नाही. उलट आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून दोन्ही हवेत. दोन्ही कामं एकातच करणारा आरसीबीओ मिळतो. बजेट असेल तर फ्रिज, वॉशिंग मशीन आणि गिझरला प्रत्येकी एक आरसीबीओ लावा. इन्व्हर्टर मोटरच्या मशीनसाठी ए टाइप मागा. नुसता "आरसीसीबी द्या" म्हटलं तर बहुधा एसी टाइप हातात पडतो.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो लगेच पडू लागतो, कारण कुठे न्यूट्रल-अर्थ जोडलेले असतात, कुठे एका लाइनचा न्यूट्रल दुसरीला दिलेला असतो. अशा वेळी काही जण "हा पीसच खराब आहे" म्हणून तो बायपास करून देतात. तो आपलं काम चोख करतोय, दोष वायरिंगमध्ये आहे. दोष सापडेपर्यंत पैसे देऊ नका.

६. सॉकेटची जागा

मशीन जिथे बसणार त्याच्या बरोबर मागे सॉकेट नको. पिन मागे दाबली जाते आणि गरज पडली तर चटकन बंदही करता येत नाही. बाजूला, कमरेच्या उंचीवर, स्विचसकट घ्या. डिशवॉशरचा सॉकेट शेजारच्या कपाटात. ड्राय बाल्कनीत पावसाची झड येत असेल तर झाकणवाला वॉटरप्रूफ बॉक्स. नळाच्या खाली आणि गॅसच्या शेगडीच्या वर काहीही नाही. मशीनची वायर दीड-दोन मीटरच असते आणि तिला एक्स्टेंशन लावायचं नाही, तेव्हा टेप घेऊन मोजा आणि भिंतीवर खडूनं खूण करा.

७. माणूस आणि माल

ठेकेदाराचा परवाना बघायला मागा, त्याची मुदत बघा, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे वायरमनचा परवाना आहे का विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण चांगला माणूस यावर रागावत नाही. दर पॉइंटवर सांगतात. साधा पॉइंट, पॉवर पॉइंट आणि डीबीपासून स्वतंत्र लाइन यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या, नाहीतर "पॉवर पॉइंट" या नावाखाली जवळच्या बोर्डातून लूप मारून (तिथलीच वायर पुढे जोडून) मिळतो.

माल शक्यतो स्वतः आणा. वायरवर आयएसआय खूण, आयएस ६९४ आणि किती एमएम हे ठरावीक अंतरानं छापलेलं असतं. स्वयंपाकघरासाठी जळताना कमी धूर करणारी एफआरएलएस वायर घ्या. रंग आधी ठरवा: सिंगल फेजला फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. थ्री फेजमध्ये निळा हा फेजचा रंग, आणि उपकरणाच्या केबलमध्ये मात्र निळा म्हणजे न्यूट्रल. या एका रंगावरून घोटाळे होतात, म्हणून सांगून ठेवा.

८. काम चालू असताना आणि ताब्यात घेताना

भिंतीला खाचा मारून पाइप बसवले की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी चिकटवून. पुढे ट्रॉली बसवायला येणारा सुतार ड्रिल मारतो तेव्हा हाच फोटो उपयोगी पडतो. भिंतीच्या आत वायरीला सांधा नको. सांधा फक्त बॉक्समध्ये, उघडून बघता येईल असा.

पैसे देण्याआधी ठेकेदाराकडून तुमच्या समोर करून घ्या:

- मेगर लावून वायरींच्या इन्सुलेशनची चाचणी
- प्रत्येक सॉकेटवर मल्टिमीटर: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढाच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. गिझर चालू ठेवून मोजलं तरी न्यूट्रल-अर्थ अगदी शून्यच दाखवत असेल तर तो जोडतुकडा शोधा
- आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का
- एकेक एमसीबी बंद करून कोणता सॉकेट मेला ते बघणं, आणि लगेच डीबीवर मराठीत नाव चिकटवणं: "वॉशिंग मशीन", "फ्रिज", "ओटा डावा"

शेवटी सगळ्यात मोठा लोड अर्धा तास चालू ठेवा. मग स्विच बंद करून, प्लग काढून पिनांना हात लावा. किंचित कोमट चालेल. चटका बसला तर आतला स्क्रू सैल आहे.

इन्व्हर्टर असेल तर पॉवर प्लगच्या लाइनी त्याच्यावर येता कामा नयेत, आणि त्याचा न्यूट्रलही वेगळाच राहिला पाहिजे.

९. वापरायला लागल्यावर

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. दोन-तीन महिन्यांनी वायरमनला बोलावून मेन बंद करून डीबीतले आणि पॉवर सॉकेटमधले स्क्रू एकदा आवळून घ्या. तांब्याची वायर दाबाखाली बसते आणि पहिल्या काही महिन्यांत स्क्रू थोडे सैल होतात.

एमसीबी पडला तर त्या लाइनवर एकाच वेळी काय काय चालू होतं ते आधी बघा. आरसीसीबी पडला तर सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर घ्या, मग एकेक एमसीबी वर घेत जा. ज्याला परत पडेल ती लाइन दोषी. त्या लाइनवरचे प्लग काढा आणि पुन्हा करून बघा. आता टिकला तर उपकरणात गळती आहे (आमच्याकडे तो जुना गिझर निघाला, त्याची कॉइल गेली होती). प्लग काढूनही पडत असेल तर दोष भिंतीतल्या वायरीत आहे. ती लाइन बंद ठेवून बाकीचं घर चालू करा आणि ज्यानं काम केलं त्यालाच फोन लावा. डीबीतूनच जळका वास किंवा चरचर आवाज आला तर हे काहीही करत बसू नका. हात कोरडे असतील आणि मेन स्विचपर्यंत सुरक्षित पोचता येत असेल तर तो खाली ओढा, पाणी मारू नका. बिघाड मीटरकडचा वाटला तर महावितरणच्या तक्रार क्रमांकावर, १९१२ ला कळवा.